तपासनीस जेवायला आले

निवृत्त होऊन आठ महिने झाले तरी तपासनिसांना बाहेर कुठे धड जेवता येत नव्हतं.

चौतीस वर्षं त्यांनी शहरातल्या हॉटेलांची, बेकऱ्यांची, खानावळींची स्वयंपाकघरं तपासली होती. फ्रीज उघडायचा, थर्मामीटर खुपसायचा, मोरीत बॅटरी मारायची, पिठाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालायचा आणि सगळं तीन प्रतींत लिहून काढायचं. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाच्या दुकानात चहाचा घोटसुद्धा घेतला नाही. तसा नियम होताच, पण नियम नसता तरी त्यांनी घेतला नसता. दुपारी ऑफिसच्या गाडीत बसून ते डब्यातली दोन उकडलेली अंडी आणि पाव खात. ड्रायव्हर समोरच्या हॉटेलात जेवून दात कोरत परत येई. "साहेब, आज मासा काय झकास होता!" असं तो एकदा म्हणाला आणि साहेबांचा चेहरा बघून पुन्हा कधी म्हणाला नाही.

लोक माघारी त्यांना 'थर्मामीटर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. राग नव्हता. उलट थोडं बरंच वाटायचं.

निरोपाच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ मिळालं, चार भाषणं झाली आणि जो तो एकच सांगत होता, "साहेब, आता मस्त खा-प्या." तपासनीस सांगितलेलं मनावर घेणारे. पहिल्याच रविवारी ते बाजारातल्या मोठ्या हॉटेलात गेले. खुर्ची ओढतात न ओढतात तोच मॅनेजर गल्ल्यावरून उठला. एका वेटरने टेबल पुसलं, मग दुसऱ्याने पुसलं, मग पहिल्याने पुन्हा पुसलं. आतून भांडी आदळल्याचा आणि "अरे झाकण, झाकण!" असा दबका आवाज आला.

"मी रिटायर झालोय हो," तपासनीस म्हणाले.

"हो साहेब, हो साहेब," मॅनेजर म्हणाला आणि एक डोळा बारीक करून हसला. त्याच्या मते हे वेषांतर होतं. शेजारच्या टेबलावरच्या नवराबायकोने तपासनिसांकडे पाहिलं, मग आपापल्या ताटाकडे पाहिलं आणि नवऱ्याने वाटी उचलून नाकाशी नेली. तपासनिसांनी पुढ्यात आलेलं कसंबसं संपवलं. दुसऱ्या हॉटेलात तेच, तिसऱ्यातही तेच. चौथ्यात तर आचारी स्वतः बाहेर येऊन नखं दाखवून गेला. मग त्यांनी नाद सोडला आणि पुन्हा अंडी उकडायला लागले.

राहायला दोन खोल्या होत्या, दुसऱ्या मजल्यावर. लग्नाचं बघता बघता राहून गेलं होतं. आई होती तोवर स्वयंपाकघरात खुडबुड असायची. ती जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतर गॅसवर चहा, भात आणि अंडी याखेरीज काही शिजलं नव्हतं. सकाळी ते वाचनालयात जात, दुपारी झोपत, संध्याकाळी फिरायला जात. धाकटी बहीण दूरच्या गावी होती. ती दर रविवारी फोन करायची. "जेवलास?" "जेवलो." "काय?" "नेहमीचंच." "बरं, ठेवते." असा दोन मिनिटांचा फोन.

गुरुवारी वाचनालय बंद असे, त्यामुळे तो दिवस काही केल्या सरकायचा नाही. अशाच एका गुरुवारी ते घरामागच्या गल्लीतून चालले होते. तिथे पूर्वी सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. आता शटरच्या जागी काचेचा दरवाजा होता आणि वर नवी पाटी: 'इंडोनेशियन जेवण'. खाली बारीक अक्षरांत, 'घरगुती'. आत पाच टेबलं, सगळी रिकामी. दाराशी हात धुवायचं बेसिन, साबण होता, पुसायला कागद होते. एवढं तपासनिसांनी चालता चालताच पाहून घेतलं होतं. सवय.

दार ढकलून ते आत गेले तेव्हा गल्ल्यावर बसलेल्या बाईंनी मान वर करून पाहिलं, "बसा," म्हणाल्या आणि पुन्हा कापडाच्या पट्टीला टीप घालू लागल्या. उठल्या नाहीत. आतून झाकणं आपटल्याचा आवाज आला नाही. तपासनीस क्षणभर तसेच उभे राहिले. या दुकानात त्यांना कुणी ओळखत नव्हतं!

बसताना ते सवयीने स्वयंपाकघराकडे तोंड करून बसले. मग उठले आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर, स्वयंपाकघराकडे पाठ करून बसले. आयुष्यात असं पहिल्यांदा. मानेवर कुणीतरी फुंकर घालत असल्यासारखं वाटत राहिलं.

आतून दुसऱ्या बाई आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, डोक्याला रुमाल बांधलेला. याच मालकीण आणि आचारीही. मूळच्या इंडोनेशियातल्या, पण लग्न होऊन इकडे येऊन सत्तावीस वर्षं झालेली. बोलायच्या फडाफड, फक्त 'तो', 'ती', 'ते' यांची वाटणी त्यांनी स्वतःच्या मर्जीने केली होती. गल्ल्यावर होत्या त्या त्यांच्या नणंदबाई. नवरा गेल्यावर नणंद-भावजयीने मिळून हे दुकान काढलं होतं.

फळ्यावर खडूने पाच-सहा नावं लिहिली होती. तपासनिसांनी पहिल्या नावावर बोट ठेवलं. "हे गाडो-गाडो म्हणजे काय असतं?"

"उकडलेला भाजी. बटाटा, कोबी, शेंगा. अंडा. टोफू. टेम्पे. वरून शेंगदाण्याची दाट रस्सा."

"टेम्पे म्हणजे?"

"सोयाबीन," बाई म्हणाल्या आणि मोठ्या अभिमानाने पुढे म्हणाल्या, "बुरशी लावून."

तपासनिसांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. बुरशी लावून! बुरशी दिसली म्हणून त्यांनी आयुष्यात किती टोपल्या, किती बरण्या, किती पाव रस्त्यावर आणून ओतायला लावले असतील, गणती नाही. आणि ही बाई जन्मदाखला दाखवावा तसं सांगत होती.

"द्या," ते म्हणाले. आपण असं का म्हणालो, ते त्यांनाही कळलं नाही.

बशी आली. भाज्यांवर तपकिरी रस्सा, कडेला तळलेले तांबूस चौकोनी तुकडे, वर एक मोठा पांढरा पापड. बाजूला इवल्याशा वाटीत लालभडक चटणी. तपासनिसांनी काट्याने एक तांबूस तुकडा टोचला, फिरवून चारी बाजूंनी पाहिला. सोयाबीनचे दाणे एकमेकांना घट्ट चिकटलेले. मधली ती पांढरी बुरशी तळून सोनेरी झालेली. डोळे मिटून त्यांनी तो तोंडात टाकला.

कड कुरकुरीत होती. आत मऊ. भाजलेल्या दाण्यांसारखं काहीतरी, ओल्या लाकडाच्या वासासारखं काहीतरी, आणि मागून शेंगदाण्याचा गोडसर, तिखट, आंबट लेप. त्यांनी शब्द शोधला, सापडेना. चौतीस वर्षांच्या अहवालांत तापमानाचा रकाना होता, स्वच्छतेचा होता, झाकणांचा होता. चवीचा नव्हता.

"असं नाही," डोक्यावरून आवाज आला. बाई अजून तिथेच उभ्या होत्या. "काटा डाव्या हातात. काटा फक्त ढकलतो. खायचं चमच्याने. तुम्ही माती उकरल्यासारखं करताय."

चौतीस वर्षांत तपासनिसांना त्यांच्या पद्धतीवरून कुणी बोललं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने हात बदलले.

"चटणी जपून, पाक. माझा चटणी वाईट आहे."

"पाक?"

"आमच्याकडे म्हणतात. मोठ्या माणसाला. वडील, काका, असं."

"आमच्याकडे पाक साखरेचा असतो," तपासनीस म्हणाले. गल्ल्यावरच्या नणंदबाई फिस्सकन हसल्या. भावजयीला विनोद कळायला थोडा वेळ लागला, मग त्याही हसल्या. तपासनिसांनी चटणी चाखली आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यावर दोघी आणखी हसल्या. नणंदबाईंनी पाणी आणून दिलं आणि कुणीही कुणाची माफी मागितली नाही.

त्यानंतर दर गुरुवारी एक वाजता तपासनीस त्या खुर्चीवर असत. दुसऱ्या गुरुवारी काळ्या गोड सॉसमध्ये परतलेलं टेम्पे खाल्लं. तिसऱ्या गुरुवारी परतलेला भात, वर अंडं. चटणीला जो उग्र वास येई तो सुकवलेल्या कोळंबीचा, हे त्यांना कळलं, आणि असला वास आला की पूर्वी आपण काय लिहीत असू, हेही आठवलं. चौथ्या गुरुवारी मालकीणबाईंनी त्यांना आत नेऊन टेम्पे कसं लावतात ते दाखवलं. सोयाबीन भिजवायचे, सालं काढायची, शिजवायचे, कोरडे करायचे, विरजण चोळायचं, मग भोकं पाडलेल्या पिशव्यांत दडपून दोन दिवस उबेला ठेवायचे. फळीवर ओळीने पिशव्या मांडलेल्या होत्या. बाईंनी एक त्यांच्या हातात दिली. ती कोमट होती. ऊब बाहेरची नव्हती, आतूनच येत होती.

"हे काळं काय?" भोकाजवळच्या एका ठिपक्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं. आवाज जरा कडक झाला होता.

"वय झालं त्याचं. वाईट नाही. माझ्या केसांचं उलटं." बाईंनी रुमालाखालची एक पांढरी बट ओढून दाखवली. तपासनिसांनी पिशवी नाकाशी नेली. सडका वास नव्हता. अळंबीचा होता, स्वच्छ.

त्या रविवारी बहिणीने "काय जेवलास?" विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

"बुरशी?" बहीण ओरडली. "तू? बुरशी खाल्लीस? बरा आहेस ना रे?" आणि मग ती इतकी हसली की मेहुण्यांनी मागून 'काय झालं' विचारलेलं फोनवर ऐकू आलं. तो फोन अकरा मिनिटं चालला.

सहाव्या गुरुवारी दुपारी दुकानात दुसरं कुणीच नव्हतं. नणंदबाई दवाखान्यात गेल्या होत्या. मालकीणबाईंनी त्यांची बशी ठेवली, मग आत जाऊन स्वतःचीही आणली आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. "मला भूक लागली," एवढंच म्हणाल्या. दोघंही जेवली. बाई मधेच गल्लीतून जाणाऱ्या मांजराबद्दल काहीतरी बोलल्या. तपासनिसांनी मान हलवली. आई गेल्यापासून त्यांच्यासमोर बसून कुणी जेवलं नव्हतं.

"काय काम करायचात, पाक?" बाईंनी विचारलं.

"सरकारी नोकरी," ते म्हणाले. "कागद लिहायचे." खोटं नव्हतं. पण बोलताना त्यांनी नजर बशीत ठेवली होती, हेही खरं.

सातव्या गुरुवारी गल्लीच्या टोकाचा बेकरीवाला दुकानात आला. नणंदबाईंनी उसनी नेलेली शिडी परत न्यायला आला होता. शिडी खांद्यावर घेऊन वळला आणि तपासनिसांना बघून जागीच थिजला.

"साहेब? तुम्ही इथे?"

"जेवायला," तपासनीस म्हणाले.

बेकरीवाल्याने हळूच शिडी भिंतीला टेकवली आणि आत गेला. तपासनिसांची पाठ स्वयंपाकघराकडे होती. कुजबुज ऐकू येत होती, शब्द नव्हते. मग एक शब्द स्पष्ट आला, "थर्मामीटर." त्यानंतर आत अगदी शांतता. ही शांतता तपासनिसांच्या ओळखीची होती. त्यांनी बशीतलं संपवलं, पैसे टेबलावर ठेवले आणि कुणी बाहेर यायच्या आत निघून गेले.

आठव्या गुरुवारी जावं की नाही, यात सकाळ गेली. शेवटी गेले. दारातच फिनेलचा वास आला. नणंदबाई उठून उभ्या राहिल्या. टेबल पुसलेलं होतं, ते त्यांनी पुन्हा पुसलं. मालकीणबाई बाहेर आल्या तेव्हा डोक्यावर रुमालाऐवजी कागदी टोपी होती, हातात मोजे होते.

"या साहेब. बसा साहेब."

पाक गेला होता. साहेब आला होता.

"अहो, मी रिटायर झालोय," तपासनीस म्हणाले. "आठ महिने... आता दहा झाले."

"हो साहेब." हसू होतं, पण ओठांपुरतं. ते हसू त्यांनी चौतीस वर्षं हजारो तोंडांवर पाहिलं होतं. बाईंनी एक फाईल आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. परवाना, पाण्याचा दाखला, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, एकेक कागद प्लास्टिकच्या पाकिटात. नको म्हणायच्या आत तपासनिसांची बोटं पानं उलटून गेली होती.

"ठीक आहे," ते म्हणाले. आणि तो आवाज त्यांनी स्वतःच ऐकला. तोच जुना, सपाट, शिक्का मारल्यासारखा.

बशी आली. भाज्या दुप्पट, अंडी दोन. तांबूस तुकडे कुठे दिसेनात.

"टेम्पे?"

"बंद केलं, साहेब. सगळं टाकून दिलं." बाई घाईघाईने म्हणाल्या. "फळीपण धुतली. बघा हवं तर." फळ्यावर जिथे टेम्पेचं नाव होतं तिथे ओल्या फडक्याचा डाग होता.

तपासनिसांनी चार घास खाल्ले. उठले तेव्हा नणंदबाईंनी पैसे घ्यायला हात पुढे केलाच नाही. "तुमच्याकडून काय घ्यायचे साहेब," त्या म्हणाल्या. तपासनिसांनी पैसे बशीखाली सरकवले आणि ते बाहेर पडले.

ते सरळ बेकरीत गेले. बेकरीवाला एकटाच होता, ट्रे पुसत होता.

"काय गरज होती हो?" तपासनीस म्हणाले. "मी तिथे जेवत होतो फक्त."

"मला काय माहीत साहेब? दोन बायका बिचाऱ्या, नवीन दुकान. सावध केलं. शेजारी म्हणून एवढं करायला नको?"

"मी आता कुणी नाही."

"ते तुम्ही म्हणता." बेकरीवाल्याने ट्रे ठेवला. "बारा वर्षं झाली. तुम्ही पंधरा दिवस माझं दुकान बंद ठेवलं होतं."

"पिठात उंदराच्या लेंड्या होत्या."

"होत्या. मी नाही कुठे म्हणतो?" तो चिडलेला नव्हता, हेच जास्त लागलं. "तुमचं काही चुकलं नव्हतं. त्यानंतर आजतागायत माझ्याकडे उंदीर नाही. पण साहेब, त्या पंधरा दिवसांत तुम्ही तीनदा आलात, आणि तीनही वेळा माझ्या म्हाताऱ्या वडिलांनी तुम्हाला खुर्ची दिली. तुम्ही एकदाही बसला नाहीत. पाणीपण घेतलं नाहीत. ते म्हणायचे, आपण काय विष घालणार आहोत का यांना?"

तपासनिसांना लेंड्या आठवत होत्या, पिंपाचा नंबरही आठवत होता. वडील आठवले नाहीत. खूप आठवून पाहिलं. खुर्चीही आठवली नाही.

"नियम होता," ते म्हणाले.

"असेल की," बेकरीवाला म्हणाला आणि पुढचा ट्रे घेतला.

दोन गुरुवार ते घरीच बसले. अंडी उकडली, खाल्ली. बहिणीला "नेहमीचंच" सांगितलं. तिने "का रे, ते बुरशीवालं?" असं विचारलं तर "लांब पडतं," म्हणाले. गल्ली घरामागेच होती.

तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा गेले, पण बुधवारी, दुपारी चारला, दुकानात गिऱ्हाईक नसतं अशा वेळी. बसले नाहीत. दारातच उभे राहून म्हणाले, "मला दोन मिनिटं बोलायचंय. तपासायला आलो नाही."

दोघी नणंद-भावजयी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. तपासनिसांनी घरून वाक्यं जुळवून आणली होती. ती सगळी विस्कटली.

"ते टेम्पे परत सुरू करा," ते म्हणाले. "त्यात काही वाईट नाही. मी हातात घेऊन पाहिलंय, वास घेतलाय. कुणी विचारलं तर सांगा, ही बुरशी मुद्दाम लावतात, दही लावतात तसं. विरजणाचं पाकीट जपून ठेवा, त्यावर तारीख असते. उबेच्या जागेचं तापमान रोज एका वहीत लिहा, म्हणजे कुणी काही म्हणू शकणार नाही. एवढंच सांगायचं होतं. आणि..." ते थांबले. "आणि मी तुम्हाला कागद लिहायचो असं सांगितलं. ते अर्धंच होतं. माझी चूक झाली."

मालकीणबाईंनी कागदी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"आमचा पहिला हातगाडी होता," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या शहरात. मी आणि हे. बावीस किलो टेम्पे लावला होता एका लग्नाच्या ऑर्डरीला. एक माणूस आला. बुरशी म्हणाला. सगळं गटारात ओतलं, वरून फिनेल ओतलं. कुणी खाऊ नये म्हणून. हे सांगत होते, साहेब हे असंच असतं. त्याने ऐकलंच नाही. यांना तेव्हाच छातीत दुखायचं."

"कोण होता तो?"

"चेहरा नाही आठवत. खिशात थर्मामीटर होता."

सगळ्यांच्याच खिशात असतो, असं तपासनिसांच्या तोंडावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. तो माणूस ते नव्हते, ते शहर त्यांचं नव्हतं. पण त्या दिवशी तिथे ते असते, तर? त्यांनी तरी टेम्पेचं नाव कुठे ऐकलं होतं? त्यांनीही ओतलं असतं. फिनेलही घातलं असतं. तीन प्रतींत लिहिलं असतं.

"तुम्ही चांगले आहात, पाक," बाई म्हणाल्या. त्यांनी मुद्दाम 'पाक' म्हटलं, पण ते पूर्वीसारखं आलं नाही. "मला कळतं तुम्ही आता तो माणूस नाही. पण तुम्ही त्या खुर्चीवर बसलात की माझे हात थरथरतात. मागच्या वेळी शेंगदाणे करपले. मी रागावले नाही तुमच्यावर. हात ऐकत नाहीत."

नणंदबाई जवळची खुर्ची सरळ करत राहिल्या.

"मग मी येत नाही," तपासनीस म्हणाले. हे त्यांनी अगदी सहज म्हटलं.

बाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात भोकं पाडलेली एक पिशवी होती. टेम्पे बंद केलं, टाकलं, असं सांगितलं होतं. पण दोघींना खायला त्या घरी लावत होत्याच. "पातळ कापायचं. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायचं. पुसायचं. तळायचं. दर गुरुवारी सकाळी या, दुकान उघडायच्या आधी. हिच्याकडे ठेवून देईन." मग जरा थांबून, "आणि हो, पैसे घेणार," म्हणाल्या.

"घ्यायलाच हवेत," तपासनीस म्हणाले.

घरी येऊन त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. मग कापली. जाड तुकडे झाले, काही तुटले. आईची कढई माळ्यावरून काढावी लागली. तेल ओतलं, गॅस लावला आणि आता पुढे काय, हे त्यांना कळेना. बहिणीला फोन लावला. वार बुधवार होता, त्यामुळे तिने घाबरूनच उचलला. "काय झालं?"

"तेल तापलं हे कसं ओळखतात?"

"अरे, जन्मभर लोकांची स्वयंपाकघरं तपासलीस तू!"

"एकशे ऐंशी अंश हवं, हे माहीत आहे. पण थर्मामीटर ऑफिसात जमा केला."

"एक बारीक तुकडा टाक. लगेच वर आला की तापलं. फोन ठेवू नकोस, कढईजवळ धर. पण लांबून, वेड्या!"

तुकडा वर आला. तपासनिसांनी एकेक करून बाकीचे सोडले. फोनवर नुसता तळण्याचा आवाज चालला होता.

"आता आवाज बारीक झाला," बहीण म्हणाली. "उलट."

त्यांनी उलटले. दोन करपले होते, बाकीचे ठीक होते.

"तू हे कुणासाठी करतोयस?"

"कुणासाठी म्हणजे? मला."

"इतकं?"

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. अख्खी पिशवी कापून झाली होती. चार माणसांना पुरलं असतं.

"बघ, जास्त वाटलं तर उद्याला ठेव," बहीण म्हणाली. तिच्या घरात कुणीतरी दार वाजवलं, कुणीतरी तिला हाक मारली. "आले, आले! ऐक, गॅस बंद कर आधी. झाला बंद? बरं. रविवारी सांग कसं झालं ते. ठेवते."

तपासनिसांनी गॅस बंद झालाय ना, ते पुन्हा एकदा पाहिलं. तुकडे बशीत काढले. मग टेबलाशी बसून डाव्या हातात काटा घेतला, उजव्या हातात चमचा, आणि जेवायला सुरुवात केली. मीठ जरा जास्त झालं होतं.